संसारातील यंत्रे : सायकलची खाली सरकणारी बैठक

डॉक्टरांनी व्यायाम सांगावा, घरातील एखाद्या स्थूल गृहस्थाने मोठ्या निश्चयाने सायकल बाहेर काढावी, आणि गावाची वेस ओलांडली जाते न जाते तोच तिची बैठक दोन बोटे खाली गेलेली असावी, हा प्रकार आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी घडला असेल. गृहस्थ घामाघूम होऊन परत येतात. 'काका, थकली ती सायकल, तुम्ही नव्हे!' असे पुतण्या म्हणतो आणि ओसरीवर हशा पिकतो. दुसऱ्या दिवशी बोल्ट अधिक जोराने आवळला जातो. तिसऱ्या दिवशी बैठक पुन्हा खाली येते. आणि आठवड्याच्या अखेरीस सायकल जिन्याखाली व गृहस्थ आरामखुर्चीत, अशी पूर्वस्थिती प्राप्त होते. या थट्टेत कोणाचा दुष्ट हेतू नसतो हे आम्ही जाणतो. परंतु तिच्यामुळे एका चांगल्या निश्चयाचा बळी जातो, आणि तोही चुकीच्या समजुतीवर. बैठक सरकते ती बसणाऱ्याच्या वजनामुळे नव्हे. तिला धरून ठेवणारी पकड आपले काम करीत नाही म्हणून सरकते. हा दोष शोधता येतो व बहुधा थोडक्या खर्चात दूर करता येतो, एवढेच या वेळी आम्हांस सांगावयाचे आहे.

कळवणसारख्या गावी हा विषय केवळ विनोदाचा राहत नाही. गिरणेच्या खोऱ्यातील या तालुक्यात सपाटी थोडी व चढउतार फार. अभोण्याकडे जावे तरी रस्ता वरखाली होतो, आणि नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडाकडे वळावे तर घाटच लागतो. त्यात कांद्याच्या हंगामी ट्रॅक्टरांची वर्दळ, रस्त्यावरचे खड्डे आणि ठिकठिकाणचे गतिरोधक. अशा वाटेवर सायकलस्वार बसल्या बसल्या एका खड्ड्यातून गेला, तर त्या क्षणी बैठकीवर येणारा भार त्याच्या स्वस्थ वजनाहून कितीतरी अधिक असतो. नव्वद किलोच्या माणसाची गोष्ट राहो. पन्नास किलोच्या मुलाची बैठकसुद्धा ढिल्या पकडीत अशा धक्क्यांनी हळूहळू खाली येते. फरक इतकाच की, मुलाच्या बाबतीत महिनाभर लक्षात येत नाही ते काकांच्या बाबतीत एका फेरीत उघडकीस येते. सारांश, जड माणूस हा दोषाचे कारण नसून दोषाचा उत्तम परीक्षक होय!

ही बैठक वरखाली करण्याची सोय मुळात कशासाठी झाली, हे पाहणे मनोरंजक आहे. पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकालाच असे. म्हणून ज्याचा पाय जितका लांब तितके मोठे चाक त्याने घ्यावे, असा प्रकार होता. एकाची सायकल दुसऱ्याच्या उपयोगाची नसे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही साखळीवर चालणारी सायकल पुढे आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती, आणि पायाचे माप चाकावर अवलंबून न राहता बैठकीच्या दांडीवर आले. दांडी वर घ्यावी, खाली घ्यावी, आणि एकच सायकल घरातील चौघांनी वापरावी! पुढे तीनच वर्षांनी, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान मांडले. महाराष्ट्रातील एका थोर कारखानदारीचा आरंभ या दुचाकीपासून झाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. एकत्र कुटुंबाला सायकल मानवली ती या सरकत्या दांडीमुळे. आणि गंमत अशी की, तीच दांडी नको तेव्हा सरकू लागली म्हणजे एकत्र कुटुंबातच तिचा सर्वांत अधिक त्रास होतो. सकाळी थोरले काका, दुपारी शाळेची मुलगी, संध्याकाळी बाजाराला जाणारा पुतण्या. प्रत्येकाने बोल्ट सोडावा व पुन्हा आवळावा, हा क्रम वर्षभर चालला तर आटे झिजणार नाहीत तर काय होईल?

आता पकडीचे कार्य समजून घेऊ. बैठकीची दांडी ज्या उभ्या नळीत उतरते, त्या नळीच्या तोंडाशी एक उभी फट ठेवलेली असते. जुन्या काळ्या सायकलीत फ्रेमच्याच दोन कानांतून बोल्ट जातो. नव्या सायकलीत नळीभोवती वेगळे कडे असते. बोल्ट आवळला म्हणजे फट मिटू लागते, नळीचे तोंड आकसते व ते दांडीस घट्ट आलिंगन देते. बोल्ट दांडीला स्वतः धरीत नाही; दांडी टिकते ती निव्वळ घर्षणावर. म्हणून दोनच प्रश्न विचारावयाचे. आलिंगन पुरेसे घट्ट आहे काय? आणि दोन पृष्ठे एकमेकांस धरण्याजोगी आहेत काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दांडीच्या मापात सापडते. २७.२ मिलिमीटरची दांडी हवी असताना दुकानात हाताशी आली म्हणून २७ ची घातली, तर ०.२ मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्यांस दिसणार नाही. परंतु नळीचा व्यास तेवढा कमी व्हावयाचा तर तिचा परिघ सुमारे ०.६ मिलिमीटरने कमी झाला पाहिजे, म्हणजे फट तितकी मिटली पाहिजे. बोल्टचा बराचसा जोर नळी वाकविण्यातच खर्ची पडतो, आणि दांडीच्या वाट्यास उरलासुरला येतो. कित्येकदा फटीच्या दोन्ही कडा किंवा कड्याचे दोन कान एकमेकांस टेकलेले दिसतात. तसे झाले असेल तर भीमाने पान्हा धरला तरी व्यर्थ. कारण आवळण्यास जागाच उरलेली नसते. दांडीच्या खालच्या भागावर तिचे माप बहुधा कोरलेले असते. नसल्यास व्हर्नियरने मोजून घ्यावे. पोकळी भरून काढण्यास पत्र्याचा तुकडा घालण्याची युक्ती आपल्याकडे सर्वत्र चालते. रस्त्यात अडलेल्या माणसाने घरी पोहोचण्यापुरती ती करावी. कायमचा उपाय योग्य मापाची दांडी हाच होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेलात असते. घरातील एखादा उत्साही तरुण दिवाळीच्या साफसफाईत साऱ्या सायकलीला तेल पाजतो, आणि ते तेल नळीत उतरते. घर्षणावर जगणाऱ्या सांध्याला तेल म्हणजे विषच. यासाठी दांडी पूर्ण बाहेर काढून ती व नळीचा आतला भाग स्पिरिटच्या फडक्याने स्वच्छ पुसावा, गंज किंवा रंगाचे पोपडे असल्यास काढून टाकावेत. ग्रीज लावावयाचे ते बोल्टच्या आट्यांना. आटे कोरडे व गंजलेले असले म्हणजे पान्ह्याचा जोर आट्यांच्या घर्षणातच संपतो, हाताला बोल्ट घट्ट लागतो, पण पकड मात्र ढिलीच राहते. लोखंडी दांडी लोखंडी नळीत गंजून बसू नये म्हणून ग्रीजचे पातळ बोट लावण्याची पद्धत आहे व ती रास्तही आहे; परंतु ज्या घरी दांडी सरकण्याची तक्रार आहे तेथे ग्रीज पुसून, बारीक कणांचा जो खास लेप सायकलीच्या दुकानांत मिळतो तो लावावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी दांडी काढून पुसावी. कार्बनच्या दांडीस तर ग्रीज लावूच नये; तिला हा कणांचा लेपच योग्य.

बोल्ट किती आवळावा? नव्या सायकलीच्या कड्यावर बहुधा आकडा छापलेला असतो. उदाहरणार्थ ५ न्यूटन-मीटर. याचा घरगुती अर्थ असा की, दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकास सुमारे पाच किलोचे वजन टांगले असता जितका जोर पडेल तितका. तेवढ्याने दांडी राहत नसेल तर दोष माप किंवा स्वच्छता यांत शोधावा. पान्ह्यास लोखंडी नळी जोडून बळ वाढवू नये. त्याने आटे मरतात, कान वाकतात, आणि मूळ दोष तसाच राहतो. बोल्टऐवजी हाताने दाबावयाची कळ असेल, तर वजनदार माणसाने ती बदलून बोल्टचे कडे, शक्य तर दोन बोल्टचे, बसवून घेणे श्रेयस्कर.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. बैठक खाली गेली अथवा डावी-उजवीकडे फिरली, तर दोष नळीच्या तोंडाशी असलेल्या पकडीचा. बैठकीचे नाक वर उचलले गेले किंवा खाली झुकले, तर दोष बैठकीखालच्या क्लिपचा. तिच्या दातेरी चकत्या झिजल्या की त्या बदलाव्या लागतात. पुष्कळ घरी एकाचा राग दुसऱ्यावर काढला जातो. परीक्षा सोपी आहे. दांडी नळीत शिरते त्या जागी पक्क्या शाईची रेघ ओढावी व नेहमीची फेरी करून यावे. रेघ नळीत बुडाली असेल तर दांडी सरकली; रेघ जागेवर असून बैठकच वाकडी असेल तर क्लिप पाहावी.

याहून गंभीर गोष्ट दांडीवरच्या दुसऱ्या खुणेची आहे. दांडी निदान किती आत असली पाहिजे ते दाखविणारी खूण कारखान्यातच उमटवलेली असते. बैठक सरकते म्हणून आधीच दोन बोटे अधिक वर काढून ठेवणारे चतुर लोक आम्ही पाहिले आहेत. ती खूण बाहेर आली म्हणजे सारा भार नळीच्या तोंडाशी तरफेसारखा येतो, व नळी तडकण्याचा किंवा दांडी वाकण्याचा संभव असतो. उंच व भारी माणसास उंची कमी पडत असेल तर अधिक लांब व मजबूत दांडी घ्यावी. गडाच्या उतारावर दांडी मोडल्यास काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि गुडघ्यांचे काय? पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच, सुमारे २५ ते ३५ अंश, वाकलेला असावा. बैठक खाली गेली की गुडघा अधिक दुमडतो, प्रत्येक फेऱ्यास त्यावर अधिक ताण येतो, आणि चार दिवसांत तो दुखू लागतो. मग 'आता वय झाले' असा निष्कर्ष काढून मनुष्य सायकल सोडतो. वय झालेले असते ते एका बोल्टचे! नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. आमच्या काकांना इतके दूर जावयाचे नाही. त्यांना अभोण्याच्या वाटेवर चार किलोमीटर जाऊन परत यावयाचे आहे. पण बैठक जागेवर राहिली पाहिजे, ही अट दोघांसही सारखीच.

एकत्र कुटुंबांसाठी आमची सूचना अशी. सायकल एक व बसणारे अनेक असतील, तर प्रत्येकाच्या उंचीची खूण निरनिराळ्या रंगाने दांडीवर करावी, म्हणजे अंदाजाने चारदा आवळावे लागणार नाही. बोल्ट व चकती हे झिजणारे भाग समजून वेळोवेळी बदलावेत. वजनदार माणूस रोज जाणार असेल, तर त्याची सायकल शक्यतो वेगळी ठेवावी. ते न साधल्यास निदान बैठक बदलण्याचे काम एकाच जबाबदार हाती द्यावे. आणि सायकल दुरुस्तीस नेताना 'घट्ट करून द्या' एवढेच न सांगता, 'दांडीचे माप तपासा, कान टेकले आहेत का पाहा' असे सांगावे. चांगल्या कारागिरास असा ग्राहक आवडतो.

राहता राहिली ओसरीवरची थट्टा. घरातील ज्या माणसाने वयाच्या पन्नाशीत शरीर सुधारण्याचे मनावर घेतले, त्यास हसण्याऐवजी पुतण्याने पान्हा व स्वच्छ फडके घेऊन अर्धा तास सायकलीजवळ बसावे. त्या अर्ध्या तासाने काकांची रोजची फेरी टिकली, तर डॉक्टरांच्या औषधाइतकेच पुण्य त्याच्या पदरी पडेल.