विषारी दारू आणि गोळ्यांचा भ्रम

मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी २००४ च्या अखेरीस विक्रोळीने हेच दुःख भोगले होते आणि जून २०२४ मध्ये तामिळनाडूतील कळ्ळकुरिचीत ६० हून अधिक बळी गेले. अशा प्रत्येक कांडानंतर बंदीचा व हप्त्यांचा वाद रंगतो. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. परंतु जीवनसत्त्व ‘क’ आणि ‘ई’ यांसारखी प्रतिऑक्सिडीकारके या विषावर उतारा ठरतात, असा जो समज सुशिक्षितांतही आढळतो, त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

मिथेनॉल मूळ रूपात फारसे मारक नाही. यकृतातील विकरे त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवतात. हे आम्ल पेशींची प्राणवायू वापरण्याची शक्तीच खुंटवते; डोळ्यांची मज्जा त्यात होरपळते. या प्रक्रियेत ऑक्सिडीकरणाची हानी होते हे खरे, आणि उंदरांवरील प्रयोगांत प्रतिऑक्सिडीकारकांनी ती काही अंशी रोखलेली दिसते, हेही खरे. पण उंदीर हा येथे फसवा साक्षीदार होय. त्याच्या यकृतात फोलेट विपुल असल्याने तो हे आम्ल झपाट्याने निकालात काढतो. माणसाला ते साधत नाही.

खरा उपचार पहिल्या विकरालाच अडवण्याचा. त्यासाठी फोमेपिझोल हे औषध आहे. ते नसेल तर, विचित्र वाटले तरी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉलच देतात. जोडीला सोडियम बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल आणि डायलिसिस.

मात्र यासाठी रोगी वेळेत पोहोचला पाहिजे. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी उमटतात. तोवर नशा उतरत आहे असेच वाटते. पुढे दृष्टी धूसर होते, आणि घरची माणसे पोलिसांच्या भयाने दाराला कडी लावून बसतात.

गोव्यात मद्य उघड विकले जाते म्हणून आपण निर्धास्त राहावे, असे नाही. काजूच्या भट्टीला कोणी दोष देऊ नये. ही कांडे औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीने होतात, आणि भेसळीला सीमा नसते. प्रत्येक तालुका रुग्णालयात हा उतारा हाताशी हवा, डायलिसिसची सोय कोठे आहे हे रात्रपाळीच्या डॉक्टरास ठाऊक हवे, आणि उपचार पुरे होईतो रोग्याची वा नातलगांची चौकशी होणार नाही, असे सरकारने आजच जाहीर करावे.