खेळा, पण उपाशीपोटी नको

मधुमेही व्यापाऱ्याला मी ‘रोज तासभर बॅडमिंटन खेळा’ असे बिनदिक्कत सांगतो. ऊसतोडीहून परतलेल्या बाईला तोच सल्ला द्यायला मात्र जीभ धजत नाही. दिवसभर कोयता चालवणे, मोळ्या वाहणे यात कष्ट आहेत, खेळ नाही. दमल्यावर थांबायची मुभा नाही आणि झीज भरून यायला झोप व अन्न दोन्ही अपुरे.

गेल्या महिन्यात आठवीतली एक मुलगी खो-खोच्या सरावात चक्कर येऊन पडली. गुरुजी तिला घेऊन आले. हिमोग्लोबिन अवघे 8! या वयात किमान 12 हवे. सकाळी दोन हंडे पाणी, नुसता चहा आणि मग मैदान. ‘डॉक्टर, तिचा खेळ बंदच करा,’ आई म्हणाली. मी सराव काही दिवस थांबवला. खेळ सोडवला नाही. लोहाच्या गोळ्या व जंतांचे औषध दिले. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती मळमळते म्हणून फेकत होती. वाचकहो, ही गोळी जेवणानंतर घ्यावी. चहा तासभर दूर ठेवावा.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझे म्हणणे एवढेच, की ढाल थोडी लहान घ्या आणि उरलेल्या पैशांत संघाला सरावाआधी गूळ-शेंगदाणे, नंतर मटकीची उसळ द्या. गुरुजींनी आमच्या गावात हे सुरू केले आहे. ती मुलगी सोमवारी पुन्हा तपासणीला येईल.