‘अज्ञात’चे अज्ञान

नागपुरास राहणाऱ्या माणसास अरण्याचे भय चित्रपटगृहात जाऊन शिकावे लागत नाही. उन्हाळा लागला की चंद्रपूर जिल्ह्यातून मोहफुले व तेंदूपाने वेचणारांवर वाघाने झडप घातल्याच्या वार्ता येऊ लागतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी बळी पडल्या. अशा मुलखात बसून रामगोपाल वर्मा यांचा ‘अज्ञात’ (२००९) हा अरण्यातील भयपट आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. भय तर वाटले नाहीच, मात्र संताप आला.

कथानक दोन ओळींचे आहे. चित्रीकरणास रानात गेलेली एक मंडळी कॅमेरा बिघडल्यामुळे रिकामी होते, वाटाड्यास घेऊन सहलीसाठी आत शिरते, आणि कोणी अदृश्य प्राणी तिच्यातील एकेकास टिपू लागतो. हा प्राणी अखेरपर्यंत दिसत नाही. याचे समर्थन करणारे म्हणतात, न दाखविण्यातच खरी कला आहे. शिवाय खर्च बेताचा, तेव्हा अधिक काय मागावे?

अल्प भांडवलाची ही सबब आम्हांस मान्य नाही. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) याहूनही कितीतरी तुटपुंज्या पैशांत झाला आणि त्यातही चेटकीण दिसत नाही. परंतु गावकऱ्यांच्या तोंडून तिची हकीकत आपण आधी ऐकलेली असते. म्हणून सकाळी तंबूबाहेर रचलेले दगड दिसताच अंगावर काटा येतो. ‘अज्ञात’मध्ये ऐकलेले काही नाही, म्हणून ओळखण्याजोगेही काही नाही.

खरा अपराध वाटाड्याच्या बाबतीत घडला आहे. ॲल्जर्नन ब्लॅकवुडच्या ‘द वेंडिगो’ (१९१०) या कथेत कॅनडाच्या रानात प्रथम घाबरतो तो वाटाड्या. शहरी सोबत्यास न कळणारा वास त्याला येतो, आणि जो रान जाणतो तोच थरथरू लागल्यावर वाचकाची काय कथा! आमच्याकडेही माकडाचा खेकसा किंवा चितळाचा इशारा ऐकून आधी थबकतो तो गावचा माणूस. आपण प्राध्यापक मंडळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मागाहून भितो. वर्मा यांनी हा एकुलता जाणकार लवकरच मारून टाकला. मागे उरली ती आपसांत भांडणारी नटमंडळी! त्यांना प्रत्येक झाड सारखेच, आणि दिग्दर्शकासही. कॅमेरा झुडपांतून धावतो, पार्श्वसंगीत कान फोडते, कोणी किंचाळते, एक मनुष्य कमी होतो. मारुती चितमपल्ली यांचे कोणतेही पान उघडावे. त्यात एका पाणवठ्याजवळ जेवढे रान आहे तेवढे या सबंध चित्रपटात नाही.

तो प्राणी कोण, कोठला, माणसांवर का उठला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शेवटी मिळत नाही. मिळते ते दुसऱ्या भागाचे आश्वासन.