पनवेलच्या फ्लॅटमध्ये सेंट्रल हीटिंग? आधी बादलीचा हिशेब करा

युरोपातल्या हीट पंपचे रील्स बघून आपल्याकडेही ‘घरात असं काही बसवता येईल का’ अशी विचारणा सुरू झालीय. खोल्या गरम करायच्या असतील तर उत्तर सोपं आहे: पनवेलमध्ये जानेवारीच्या पहाटेही एक चादर जास्त घेतली की भागतं. आपलं खरं हीटिंग म्हणजे आंघोळीचं पाणी.

विषय आत्ता काढायचं कारण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. साध्या इलेक्ट्रिक गिझरवर मात्र तो १८ टक्केच आहे, त्यामुळे ‘जीएसटी कटमुळे गिझर स्वस्त’ असं कुणी सांगितलं तर बिल नीट बघा.

आता गणित. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट वीज लागते. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ४२ युनिट. आकडा छोटा वाटतो, पण महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटनंतर वाढतो. म्हणजे ही वरची ४२ युनिट तुमच्या सगळ्यात महाग दरानेच लागतात.

स्मार्ट मीटरवाल्यांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. मग दुपारी पाणी तापवून ठेवायचं का? मी तरी ठेवणार नाही. दिवसाला रुपया-सव्वा रुपया वाचेल आणि पहाटेची सीएसएमटी लोकल पकडायच्या वेळेपर्यंत टाकीतलं पाणी कोमट झालेलं असेल.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्याला देतो, त्यामुळे साधारण एक-तृतीयांश विजेत काम होतं. आपली उबदार, दमट हवा त्याला मानवते. पण एका फ्लॅटचे महिन्याला २८ युनिट वाचवण्यासाठी एवढं महाग यंत्र परवडत नाही. हॉस्टेल किंवा अख्ख्या इमारतीसाठी परवडेल.

सोलरची अडचण गच्चीवर आहे. गच्ची सोसायटीची, त्यामुळे ठराव हवा. पावसाळ्यात बॅकअप कॉइल चालवावीच लागते. शिवाय दहाव्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत गरम पाणी यायच्या आत अर्धी बादली गार पाणी वाहून जातं, तेही पनवेलमध्ये, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

राहिला गॅस गिझर. चालवायला स्वस्त, म्हणून भाड्याच्या खोल्यांमध्ये सर्रास दिसतो. बंद बाथरूममध्ये मात्र तो जीव घेऊ शकतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. गरगरतंय हे कळेपर्यंत कडी उघडायची ताकद उरत नाही. गिझर बाथरूमच्या आत असेल, धूर बाहेर नेणारा पाइप नसेल, तर आजच फोटो काढून घरमालकाला पाठवा. तो बदलेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात शेगडीवर तापवा, खिडकी उघडी ठेवून.