आधी गुराख्याला औषध द्या

इथिओपियात कच्चं गोमांस आवडीनं खातात. किटफो म्हणजे बारीक चिरलेलं कच्चं मांस, त्यात मसाल्याचं तूप आणि मितमिता ही जहाल तिखटाची पूड. सणासुदीला तर ताज्या मांसाचा मोठा तुकडा समोर घेऊन सुरीनं कापत खातात. मी परभणीत पशुवैद्यक शिकले आणि पुढे काही वर्षं इथिओपियात परोपजीवीशास्त्र शिकवलं. परत आल्यावर ओळखीचे लोक विचारतात, ‘एवढे जंत होतात, तर कच्चं खाणं सोडत का नाहीत?’ मांस नीट शिजवलं तर धोका टळतो, हे खरंच. पण सगळा दोष खाणाऱ्याच्या ताटावर टाकणं मला पटत नाही.

गुरांकडून येणारा हा पट्टकृमी पूर्ण वाढतो तो फक्त माणसाच्या आतड्यात. चार-पाच मीटर लांब, कधी त्याहूनही मोठा. त्याच्या पिकलेल्या खंडांत हजारो अंडी असतात. असे काही खंड रोज सुटतात आणि स्वतःच सरपटत बाहेर पडतात. संडास नसेल तर अंडी गवतात जातात आणि तिथं महिनोन्महिने टिकतात. गाय ते गवत खाते. अळी आतड्यातून रक्तात शिरते आणि जबड्याच्या, हृदयाच्या, जिभेच्या स्नायूंत गाठ करून बसते. वरून जनावर धडधाकट दिसतं. म्हणजे रोग माणसानं गाईला दिला, आणि भुर्दंड मात्र गाईच्या मालकाला.

कत्तलखान्यात निरीक्षक जबड्याला, हृदयाला छेद देऊन गाठी शोधतो. गाठी थोड्या असतील तर सहज नजरेतून सुटतात. सापडल्या तर मांस उणे दहा अंशांवर दहा दिवस गोठवायचं. फार असतील तर सगळंच टाकून द्यायचं. दोन-चार जनावरांवर संसार चालवणारा माणूस अशा तपासणीकडे आपणहून कशाला जाईल? शिवाय तिथं ‘किरचा’ची रीत आहे. शेजारीपाजारी पैसे जमवून बैल घेतात, अंगणातच कापतात आणि वाटे करतात. पंचावन्न दिवसांचा उपवास संपून फासिकाचा सण आला की गल्लोगल्ली हेच. निरीक्षक तिथं कुठून येणार! माझे विद्यार्थी एरवी प्रयोगशाळेत गाठी मोजायचे आणि सणाला आपल्या वाट्याचं कच्चं मांस आनंदानं खायचे. त्यांना माहिती कमी होती असं कोण म्हणेल?

जंतावर तिथं पिढ्यान्‌पिढ्या कोसो घेतात. हागेनिया नावाच्या झाडाची मादी फुलं कुटून पाण्यात कालवायची आणि ते कडू औषध एका दमात प्यायचं. जोराचा रेच होतो, जंत पडतो. पण तो पडतो कुठे? संडास नसेल तर माळावरच, अंड्यांसकट. आता निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेलच्या एका मात्रेत काम होतं, तरी हा प्रश्न तसाच राहतो. औषध आणि संडास एकत्र मिळाले नाहीत तर एक माणूस बरा होतो आणि चार गाई बाधित होतात.

डुकरांकडून येणाऱ्या पट्टकृमीची गोष्ट वेगळी. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत जातात, फिट येतात. म्हणून जगाचं लक्ष तिकडे आहे आणि डुकरांची लस आज हैदराबादेत तयार होते. गुरांसाठीची लसही प्रयोगांत चांगली ठरली होती, पण ती बाजारात आली नाही. हा जंत माणसाला मारत नाही आणि लसीचे पैसे मोजायचे गरीब पशुपालकानं. मग कंपनीला त्यात काय रस? मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याचं जनावर वाया जातं, त्याचं दुखणं किरकोळ ठरवण्याचा अधिकार कुणाला?

खर्च गुराख्यापासून सुरू करा. गावात घरोघरी संडास बांधला तरी गुराखी दिवसभर असतो रानात; गोठ्यावर राहणाऱ्या गड्याची सोयही बहुधा कुणी पाहत नाही. आपल्याकडेसुद्धा जनावरांना जंताचं औषध देण्याची शिबिरं होतात, त्यांना सांभाळणाऱ्या माणसाला तिथं कुणी विचारत नाही. इथिओपियात कत्तलखान्यात गाठी सापडल्या की ते जनावर कुठल्या गोठ्यातून आलं, हे त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावं. नर्सनं तिथं जाऊन मालक, गडी आणि गुराखी पोरं यांना तपासावं, औषध द्यावं. गोठ्याजवळ संडास बांधायचा खर्च पशुसंवर्धनाच्या पैशांतून व्हावा, कारण त्यानं आधी गाय वाचते.