अंगकोर वाट, वीस मिनिटांत!

तर मंडळी, कंबोडियाला जाऊन आलो. आई-बाबा, मी आणि बसभर मराठी माणसं. अंताक्षरी झाली, सिएम रीपमध्ये चक्क पिठलं-भात मिळाला. तक्रार पिठल्याची नाहीच, ते झकास होतं.

तक्रार घड्याळाची आहे. सूर्यवर्मन दुसरा या राजाने बाराव्या शतकात बांधलेलं विष्णूचं देऊळ. पश्चिमेच्या ओवरीत अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय. शरपंजरी पडलेले भीष्म बाबांनी कुणी न सांगता ओळखले आणि तिथेच खिळले. तेवढ्यात शिट्टी! "चला चला, जेवण गार होतंय!" पूर्वेच्या ओवरीत ४९ मीटर लांब समुद्रमंथन आहे, तिथवर पोचलोच नाही.

नंतर रेशमाच्या दुकानात मात्र दीड तास. तिथे शिट्टी हरवली होती बहुतेक.

अंगकोरचा पास एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२. म्हणजे तिकीट विकणाऱ्यांनाही कळतं की हे एका दिवसाचं काम नव्हे. आम्ही एका दिवसातही वीस मिनिटंच वापरतो!

टूरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे हो. पण बुकिंग करताना आपण विचारतो काय? नाश्त्याला पोहे आहेत का. मी तर चार टूर्सची एक्सेल शीट केली होती (सवय, दुसरं काय!). किंमत, हॉटेल, जेवण.. सगळे कॉलम होते. देवळात किती वेळ, हा कॉलमच नव्हता.

परतीच्या विमानात बाबा म्हणाले, "मंथन राहिलंच की रे."

आईची रेशमी शाल मात्र छान आहे.