अवयवदानाचा खर्च कोणीं सोसावा ?

प्रतिवर्षीं ३ ऑगस्ट या दिवशीं आपल्या देशांत अवयवदान दिन पाळला जातो. १९९४ सालीं याच तारखेस दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं हृदयारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी केली, तिची ही आठवण. त्या दिवशींच्या सभांतून दधीचि ऋषींचें नांव निघालें नाहीं, असें सहसा घडत नाहीं. तें निघावें याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु दधीचींनीं अस्थि दिल्या एवढ्यानें वज्र झालें नाहीं. तें घडविण्यास विश्वकर्मा लागला, आणि विश्वकर्म्याची भट्टी कोणाच्या खर्चानें पेटली हें मात्र वक्ते कधीं सांगत नाहींत.

२०२३ सालीं भारतांत एकंदर १८,३७८ अवयवांचें प्रत्यारोपण झालें. सुमारें १४० कोटींच्या या देशांत त्या वर्षीं मरणोत्तर अवयवदाते मिळाले अवघे १,०९९. बहुतेक भार जिवंत आप्तांनीं, व त्यांतही पुरुषांहून स्त्रियांनीं अधिक, उचलला. या आंकड्यांवरचें निदान ठरलेलें आहे : लोक अडाणी आहेत, श्रद्धाळू आहेत, त्यांस जागें करा. मग फलक लागतात, प्रतिज्ञापत्रें भरून घेतलीं जातात, छायाचित्रें निघतात. हें निदान आम्हांस मान्य नाहीं. संमति देऊं पाहणारें कुटुंब आणि अवयवाची वाट पाहणारा रोगी यांच्यामध्यें जी दरी आहे, ती अज्ञानाची जितकी, तितकीच पैशाचीहि आहे.

अपघातांत मेंदू मृत झालेला एखादा मनुष्य अतिदक्षता विभागांत आहे, अशी कल्पना करावी. चार डॉक्टरांच्या मंडळानें सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून त्याचा मृत्यु जाहीर करावयाचा. तोंवर आणि त्यानंतरही कृत्रिम श्वासोच्छ्वास चालूं ठेवून हृदय धडधडत ठेवावयाचें. शोकांत बुडालेल्या नातलगांशीं बोलण्यास शिकलेला समन्वयक हवा. रक्ताच्या तपासण्या हव्यात. आणि हृदय एकदां काढल्यावर चार ते सहा तासांच्या आंत तें दुसऱ्याच्या छातींत बसावयास हवें. यांतील एकहि गोष्ट फुकट होत नाहीं. लहान गांवच्या रुग्णालयाची खाट अडते, माणसें गुंततात, आणि हिशेब कोणाच्या नांवें लिहावा हें कोणासच ठाऊक नसतें.

२०१४ च्या नियमांत हा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेऊं नये असें स्पष्ट म्हटलें आहे, हें उत्तम झालें. पण मग तो द्यावा कोणीं ? तो अवयव घेणाऱ्यानें, किंवा संस्थेनें, किंवा सरकारनें, किंवा एखाद्या सेवाभावी मंडळानें ! चार भावांची सामाईक विहीर कोणीच उपसत नाहीं. व्यवहारांत हा चौपदरी ‘किंवा’ अखेर घेणाऱ्याच्या बिलांत जाऊन बसतो, आणि हीं प्रत्यारोपणें बहुतेक खासगी रुग्णालयांत होत असल्यामुळें तें बिल किती होतें हें वाचकांस सांगावयास नको. अवयव वाटण्याची यादी निःपक्षपाती असेल. पण तींत नांव घालण्यापूर्वींच गरीब मनुष्य गळालेला असतो. त्यानें द्यावें व श्रीमंतानें घ्यावें, असा हा दानधर्म !

शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे खर्च संपला, असेंहि नाहीं. परक्या अवयवास शरीरानें झिडकारूं नये म्हणून टॅक्रोलिमससारखीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. केंद्र सरकारच्या अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमांत दारिद्र्यरेषेखालील रोग्यांस या औषधांकरितां महिना १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. तरतूद चांगली, पण त्या रेषेच्या चार बोटें वर असलेल्या शाळामास्तरानें किंवा दुकानांतल्या कारकुनानें काय करावें? अर्ध्यावर सोडलेलें साहाय्य कसें वायां जातें, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसतें. तेथें मूत्रपिंड निकामी झालेल्यांस सरकारी विम्याचा आधार १९७२ च्या कायद्यानें मिळाला; परंतु प्रत्यारोपणास ३६ महिने लोटले कीं, ज्यांस वयानें वा अन्य कारणानें तो विमा लागूं नसे त्यांच्या औषधांचा पैसा बंद होई. औषध सुटलें कीं मूत्रपिंड जाई, मूत्रपिंड गेलें कीं तोच रोगी पुन्हां डायलिसिसच्या यंत्रावर, आणि यंत्राचा खर्च मात्र सरकार विनातक्रार देई ! २०२० सालीं कायदा बदलला व १ जानेवारी २०२३ पासून, दुसरा विमा नसणाऱ्यांस, ती मुदत उठली. श्रीमंत राष्ट्रानें पन्नास वर्षांनीं शिकलेला धडा आपण पुन्हां पहिल्यापासून गिरवावा काय ?

कोणी म्हणेल, एका यकृताच्या पैशांत शेंकडों बालकांस दूध मिळेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. परंतु २०१६ पासून गरिबांच्या डायलिसिसचा भार सरकारनें राष्ट्रीय कार्यक्रमाच्या द्वारें पत्करलाच आहे. आठवड्यांतून दोनतीनदां यंत्राला जखडलेला मनुष्य ना धड कमावता, ना धड मोकळा. शिवाय दान कांहीं महागड्याच अवयवांचें असतें असें नाहीं. मुंबईंत टाटा रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून व शीव येथील रुग्णालयाची त्वचापेढी २००० पासून आहे. त्वचेसाठीं हृदय धडधडत ठेवावें लागत नाहीं; मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत ती घेतां येते व ग्लिसरॉलमध्यें पांच वर्षें टिकते. भाजलेल्या मनुष्याचा प्राण तिनें वांचतो. अशी पेढी प्रत्येक जिल्ह्यांत असण्यास काय आडवें येतें ?

दुसरा आक्षेप असा कीं, दात्यास पैसा दिला म्हणजे अवयवांचा बाजार मांडला. हें म्हणणारांनीं १९९४ चा कायदा वाचावा. बाजार त्यानें निषिद्ध केला, तो योग्यच. पण अवयव काढण्याचा व नेण्याचा खर्च आणि दात्याची बुडालेली कमाई यांस त्यानें ‘मोबदला’ या व्याख्येंतून जाणूनबुजून वगळलें आहे. केंद्र सरकारनें २०२३ सालीं आपल्या नोकरांस अवयवदानाकरितां ४२ दिवसांची रजा देऊं केली. नवऱ्यास मूत्रपिंड देणाऱ्या शेतमजूर बाईची रजा कोण मंजूर करणार ?

त्या कायद्याच्या प्रस्तावनेंत तीन राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांचा नामनिर्देश आहे : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणास साहाय्य मिळतें, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों. आतां गोवें व महाराष्ट्र यांनीं दात्याच्या मृत्यूपासून अवयव पोहोंचेपर्यंतचा खर्च, जिवंत दात्याची बुडालेली मजुरी, आणि रोगी जगेल तोंवरचीं औषधें, अशीं तीन खातीं येत्या अर्थसंकल्पांत उघडावीं, आणि फलकांचा खर्च त्यांनंतर लिहावा.